सूर आणि हिशेब

कार्तिक सरत आला की गोमंतकात जत्रांचे दिवस सुरू होतात. देवळांच्या प्रांगणांत रंगमंच उभे राहतात, गावोगावची हौशी मंडळी संगीत नाटकांच्या तालमींत रंगून जातात आणि ऑर्गनवादक, तबलजी, गायक नट यांना आमंत्रणांवर आमंत्रणे येऊ लागतात. या भूमीचे कलाप्रेम या दिवसांत जसे प्रकट होते तसे एरवी क्वचितच होत असेल. परंतु प्रयोग संपून पडदा पडला की रंगपटात एक प्रसंग बहुधा ठरलेला असतो. बिदागीचा विषय निघतो आणि मघापर्यंत वाहवा करणारी माणसे एकाएकी संकोचतात. 'देवाची सेवा झाली, असे समजा' हे वाक्य उच्चारले जाते. शाल, नारळ आणि एक पाकीट हाती पडते. पाकिटात काय आहे हे विचारणे कलावंताला कमीपणाचे वाटते आणि सांगणे आयोजकांना अडचणीचे. मांडववाला, वीजवाला आणि ध्वनिक्षेपकवाला यांच्यापाशी मात्र सेवेची ही भाषा कोणी काढीत नाही. त्यांचे दर आधीच ठरलेले असतात!

कला आणि व्यवहार यांचे हाडवैर आहे, खरा कलावंत पैशाबाबत भोळाच असावयाचा, किंबहुना त्याचे दारिद्र्य हीच त्याच्या अस्सलपणाची खूण, अशी एक समजूत आपल्या समाजात खोल रुजली आहे. आमच्या मते ही समजूत खोटी तर आहेच, पण ती सोयीचीही आहे. अर्थात ती सोय कलावंताची नव्हे, इतरांची.

बालगंधर्वांचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली आणि मराठी रंगभूमीने आपले वैभव पाहिले. वस्त्रे, अलंकार, अत्तरे, साथीला नामवंत वादक. प्रेक्षकाला द्यावयाचे ते उत्तमच द्यावयाचे, हा त्यांचा बाणा होता. या बाण्यापायी मंडळीवर कर्जाचा डोंगर झाला. त्या कर्जापासून नारायणरावांनी पळ काढला नाही; रात्रीमागून रात्री रंगभूमीवर उभे राहून त्यांनी ते फेडले. त्यांच्या सचोटीबद्दल कोणी शंका घेऊ नये. परंतु खर्चाला आळा घालणारा हात त्यांच्या शेजारी टिकला नाही, तो स्वभावही त्यांचा नव्हता. पुढे बोलपट आला, प्रेक्षक पांगला आणि १९६७ साली त्यांचे निधन झाले तेव्हा मागे वैभवाच्या आठवणीच उरल्या होत्या. या कहाणीवर आपण हळहळतो. पण तिच्यापासून शिकत मात्र नाही. उलट, 'कलावंत असा असावा' असे म्हणून त्या हलाखीलाच हार घालतो.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहावे. केशवराव भोसले यांनी १९०८ साली हुबळीस ललितकलादर्शची स्थापना केली. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव आणि बालगंधर्व यांनी मिळून 'मानापमान'चा जो संयुक्त प्रयोग केला, त्याची आठवण मराठी माणूस अजून सांगतो. त्याच वर्षी अवघ्या ३१ व्या वर्षी केशवराव गेले. एखादी मंडळी अशा आघाताने विस्कटून गेली असती. ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनी सांभाळली, आणि त्यांच्यानंतर खंड पडला तरी भालचंद्र पेंढारकरांनी ती पुन्हा उभी केली. २०१५ साली दिवंगत झालेल्या या अण्णांची शिस्त ज्यांनी पाहिली त्यांना ठाऊक आहे की, तिसरी घंटा म्हणजे तिसरी घंटा. मग समोर कोणीही येऊन बसावयाचा राहिलेला असो. या शिस्तीने त्यांचे गाणे कोरडे झाले काय? गोमंतकाच्या ज्या रसिकांनी त्यांना ऐकले आहे त्यांनीच या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

आता आपल्या मातीकडे वळू. फोंडे तालुक्यातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या केसरबाईंनी लहानपणापासून अनेक गुरूंकडे शिक्षण घेतले होते. तरीही १९२१ साली, तिशी जवळ आली असता, त्यांनी अल्लादियाखाँसाहेबांपुढे नव्याने शिष्यत्व पत्करले आणि खाँसाहेबांच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत, ते निभावले. पुन्हा पहिल्या पायरीवर बसण्याची ही तयारी हा कलावंताचा पहिला गुण होय. दुसरा गुणही त्यांच्यापाशी तितकाच प्रखर होता. आपल्या गाण्याचे मोल त्या जाणून होत्या. बिदागी आणि मैफलीच्या अटी यांबाबत त्या काटेकोर म्हणून ओळखल्या जात, आणि या काटेकोरपणास कित्येकांनी गर्व म्हटले. आम्ही त्यास गर्व म्हणणार नाही. ज्या घराण्यांतील स्त्रियांना देवस्थानांच्या सेवेपोटी पिढ्यान्‌पिढ्या गावे-नाचावे लागले आणि त्या सेवेच्या बदल्यात समाजाची अवहेलना सोसावी लागली, त्या परंपरेतून वर आलेल्या स्त्रीने स्वतःच्या कष्टाचा दाम स्वतः ठरवावा, यात गर्व कसला? ती तर मुक्तीची एक पायरी होती. 'सेवा' हा शब्द कलावंतापुढे टाकताना निदान गोमंतकाने तरी हा इतिहास विसरू नये. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर पृथ्वीवरील निवडक संगीत अंतराळात पाठविले गेले, त्यात केसरबाईंची भैरवी होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांचे निधन झाले.

मंगेशीच्या दीनानाथांच्या घराची कथा तर सर्वश्रुत आहे. बळवंत संगीत मंडळी गाजविणारे मास्टर दीनानाथ बोलपटाच्या धंद्यात खचले आणि १९४२ साली अकाली गेले. थोरली मुलगी लता तेव्हा बारा वर्षांची होती. घराचा भार घेऊन चित्रपटसृष्टीत उतरलेल्या या मुलीचा आवाज पातळ म्हणून नाकारला गेला; तिच्या उर्दू उच्चारांवर शेरे मारले गेले. तिने रुसवा धरला नाही. शिक्षक ठेवून ती उर्दू शिकली. नकार पचविणे आणि त्यातील खरा भाग तेवढा उचलून घेणे, हा गुण गळ्यापेक्षा दुर्मिळ आहे. नाव झाल्यावर हीच लता १९६० नंतरच्या वर्षांत गायकाला ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीत वाटा मिळाला पाहिजे म्हणून उभी राहिली. एकदा मेहनताना घेतल्यावर गायकाचा हक्क संपला, असे महंमद रफींसारख्या सज्जन कलावंताचे मत होते. त्या मतभेदापायी दोघे काही वर्षे एकत्र गाइले नाहीत. पुढे १९९४ साली १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन सादरकर्त्या कलावंताचे हक्क मान्य झाले आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरातील रॉयल्टीचा त्याचा वाटाही मान्य झाला. बापाच्या घरातील ओढगस्त पाहिलेल्या मुलीने जे मागितले, ते न्याय्य होते, हे कायद्याने पन्नास वर्षांनी कबूल केले.

या सर्व उदाहरणांतून एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसते. पहाटे उठून खर्ज लावणारा संयम आणि महिनाअखेर वही उघडून जमाखर्च पाहणारा संयम, हे दोन वेगळे गुण नव्हेत. तालाची मात्रा न चुकविणाऱ्याने दिलेली वेळही चुकवू नये. खोट्या सुरावर समाधान न मानणाऱ्याने खोट्या आश्वासनावरही मानू नये. पैशाच्या मागे लागून कला उथळ होते, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. तशी उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. परंतु कला विकाऊ करणे वेगळे आणि कष्टाचे मोल मागणे वेगळे. ज्याच्या घरी चूल नीट पेटते तोच न पटणाऱ्या कामाला 'नाही' म्हणू शकतो. उपाशी कलावंताला हे स्वातंत्र्यही नसते.

म्हणून आमचे सांगणे दोन्ही पक्षांना आहे. कलावंतांनी, विशेषतः तरुणांनी, प्रयोगाआधी अटी कागदावर घ्याव्यात. तालमींचे दिवस, प्रवास आणि साथीदारांचा वाटा त्यात नमूद असावा. कार्यक्रमाचे चित्रण होऊन ते मोबाइलवरून जगभर जाणार असेल, तर आधी संमती मागितली जावी, असा आग्रह त्यांनी धरावा. मात्र हक्क मागणाऱ्याने एकाच तारखेच्या दोन सुपाऱ्या घेऊ नयेत, तालीम बुडवू नये, आणि मुख्य गायकाने तबलजीचे पैसे अडवून ठेवू नयेत. आपल्यावर होणारा अन्याय आपण खालच्यावर ढकलणे, हा कसला स्वाभिमान?

आयोजकांनी आणि देवस्थान समित्यांनी मांडवाच्या खर्चाबरोबरच कलावंताचा खर्चही अंदाजपत्रकात आधी लिहावा. ज्याला खरोखर सेवा म्हणून गावयाचे असेल त्याने आनंदाने गावे. देवापुढे गाण्यातील धन्यता आम्ही जाणतो. पण सेवा ही करणाऱ्याने अर्पण करावयाची असते, घेणाऱ्याने वसूल करावयाची नव्हे. कला अकादमीसह संगीत-नाट्य शिकविणाऱ्या सर्व संस्थांनीही राग आणि ताल यांबरोबर करार, हक्क आणि हिशेब यांचे चार पाठ विद्यार्थ्यांना अवश्य द्यावेत.

गोमंतकाने देशाला थोर गळे दिले, याचा अभिमान आपण व्यासपीठावरून नेहमी मिरवितो. यंदाच्या जत्रेत रंगपटात पाकीट देण्यापूर्वी, त्यातील रक्कम आधी ठरली होती काय, एवढे प्रत्येक समितीने स्वतःस विचारावे. आपल्या अभिमानाचा खरेखोटेपणा तेथेच कळेल.