टिकली पाहणारे डोळे



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार होते. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मधून दगड. दरवर्षी डोकी फुटतात आणि आम्ही इथे रामाकोन्यात हळहळतो. पण रविवारची उपासना संपल्यावर चर्चच्या दारात आम्ही काय करतो? अमकीच्या कपाळावर टिकली होती. तमक्याने पुतणीच्या लग्नात हळद लावून घेतली. यांचा विश्वास खराच नाही! आमचा दगड दिसत नाही, एवढाच फरक.

मागे एक बहीण अशीच बोलणी ऐकून यायची थांबली. सासरी ती एकटीच विश्वासणारी. टिकली लावली नाही तर घरात तिच्यावर काय गुदरते, हे आमच्यापैकी एकानेही तिला विचारले नाही. बोलणाऱ्यांत आम्हीही होतो.

पौल रोमकरांस १४व्या अध्यायात खाण्यापिण्यावरून भांडणाऱ्यांना बजावतो की दुसऱ्याच्या चाकराला दोष देणारे तुम्ही कोण? आपल्याकडे हे सहज कळावे. शेजाऱ्याच्या सालदाराला कोणी कामावरून बोलते का? त्याचा धनी आहे ना.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्यानंतरही त्या शाकाहारीच राहिल्या. त्यांना विश्वासात हाताशी धरणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जातीचा जुना अभिमान दिसला आणि दोघींमध्ये पत्रांतून वाद झाले. सिस्टर दुष्ट नव्हत्या, रमाबाईंवर त्यांची माया होती. म्हणूनच हे उदाहरण आम्हाला बोचते. ताट पाहून मन ओळखता येते असे त्यांना वाटले. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात आपल्या ह्या मध्य प्रांतात येऊन निराधार मुलींना आसरा देण्यासाठी घेऊन गेल्या, त्या ह्याच रमाबाई.

यावर लगेच विचारले जाते, "मग पापाला पाप म्हणायचेच नाही का?" म्हणायचे. पौलानेच करिंथच्या मंडळीला एका उघड व्यभिचाराबद्दल कडक शब्द लिहिले (१ करिंथ ५). पण ती गोष्ट सर्वांना ठाऊक होती, निर्णय मंडळीने एकत्र जमून घ्यायचा होता, आणि हेतू त्या माणसाचे तारण हा होता. त्याच मंडळीला दुसऱ्या पत्रात तो सांगतो की शिक्षा झालेल्याला आता क्षमा करा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. आपल्या दारातल्या कुजबुजीत यातले काय असते? प्रभूने तर पहिली पायरीच सांगून ठेवली आहे (मत्तय १८:१५): भावाचा अपराध असेल तर त्याच्याकडे जा, दोघेच असताना बोला. आम्ही त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगतो आणि वर त्याला 'प्रार्थनेचा विषय' म्हणतो.

कुसळ आणि मुसळ तर आपल्याकडे सर्व धर्मांच्या घरांत बोलले जाते. पण प्रभूने कुसळ राहू द्या म्हटले नाही. आधी स्वतःचे मुसळ काढा, मग भावाचे कुसळ काढायला नीट दिसेल, असे म्हटले. आणि डोळ्यातले कुसळ लांबून ओरडून निघत नाही. त्यासाठी जवळ बसावे लागते, हात हलका लागतो.

त्या बहिणीच्या घरी आजवर चर्चमधले कोणी गेलेले नाही. येत्या बुधवारी आम्ही चौघेजण जाणार आहोत, माफी मागायला. टिकलीचा विषय आम्ही काढणार नाही.