संस्कार आणि लस

विवाहाची खरेदी, दुकानाचा हिशेब, मुलांच्या परीक्षा अशा सर्व विषयांवर व्यापारी कुटुंबांत मोकळेपणाने बोलणे होते. परंतु बारा वर्षांच्या मुलीसाठी डॉक्टरांनी एचपीव्ही प्रतिबंधक लस सुचविली की घरातील बोलणे थबकते. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे कळताच आजी विचारतात, ‘आपल्या घरच्या मुलीला याची काय गरज?’ वडील विषय बदलतात आणि आई डॉक्टरांची चिठ्ठी घडी घालून कपाटात ठेवते. त्या घडीत मुलीच्या आरोग्याचा एक महत्त्वाचा निर्णय अडकून पडतो.

आजींच्या प्रश्नामागे घराण्याच्या संस्कारांवरील विश्वास आहे आणि तो आदरणीय आहे. तरीही विषाणूचा स्वभाव समजून घेतल्यावाचून त्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचे २०० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. त्यांपैकी १६ व १८ क्रमांकाचे दोन प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारणीभूत ठरतात. बहुसंख्य स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हा तरी या विषाणूची लागण होते आणि बहुतेकांचे शरीर ती एक-दोन वर्षांत आपोआप दूर करते. ज्या थोड्या स्त्रियांच्या शरीरात ती टिकून राहते, त्यांना पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग होण्याचा धोका असतो. लागण झालेल्या पुरुषास बहुधा कोणतेही लक्षण जाणवत नाही. त्यामुळे आयुष्यभर मर्यादा पाळलेल्या स्त्रीलाही पतीकडून नकळत ही लागण होऊ शकते. स्वतःचा संयम मुलीच्या हाती असतो. भावी जोडीदाराचा पूर्वेतिहास तिच्या हाती नसतो.

या रोगाची व्याप्ती लहान नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतातील सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला आणि जवळजवळ ८० हजार स्त्रियांचा त्याने बळी घेतला. लस विषाणूला शरीरात ठाण मांडू देत नाही. आधीच झालेली लागण मात्र ती बरी करीत नाही. म्हणूनच ९ ते १४ हे वय तिच्यासाठी सर्वांत योग्य मानले जाते. इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस मिळालेल्या मुलींमध्ये पुढे या कर्करोगाचे प्रमाण सुमारे ८७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

लसीविषयीच्या भीतीलाही एक इतिहास आहे. २००९ मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम व गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत या लसीचा एक प्रकल्प सुरू झाला. त्यातील सात मुलींच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये तो थांबविण्यात आला. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. परंतु पालकांची संमती घेताना गंभीर हयगय झाल्याचे उघड झाले. पालकांचा राग त्या बाबतीत योग्यच होता.

त्याच वेळी देशातील एक स्वतंत्र संशोधनही थांबवावे लागले. त्याच्या केंद्रांत पुणे आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शी ही गावे होती. लसीकरण मध्येच थांबल्याने हजारो मुलींना ठरलेल्या मात्रांऐवजी एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा मात्र सोडला नाही. दहा वर्षांनंतर आढळले की १६ व १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून एका मात्रेनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण दिले होते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागील पुराव्यांत बार्शीच्या मुलींचाही वाटा आहे. भारतातील डॉक्टर १५ वर्षांखालील मुलींना सामान्यतः सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा सुचवीत आले आहेत.

जैन घरांत आणखी एक प्रश्न हमखास निघतो, तो लसीतील घटकांचा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ती आणि ‘गार्डासिल’ या लसींसाठी विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिन यीस्टच्या पेशींत तयार करून शुद्ध केले जाते. ‘सर्व्हारिक्स’साठी कीटकांच्या पेशी वापरल्या जातात. या लसींत विषाणू नसतोच. त्यामुळे लसीने लागण होणे शक्य नाही. घटकांची यादी लसीसोबतच्या माहितीपत्रकात असते. ते मागून वाचण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. टोचल्या जागी दुखणे, थोडा ताप किंवा क्षणिक भोवळ येणे संभवते. म्हणून लस घेतल्यावर पंधरा मिनिटे बसून राहावे. यीस्टची किंवा अन्य घटकाची तीव्र अ‍ॅलर्जी असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

मुलांनाही या विषाणूमुळे घशाचे व अन्य कर्करोग होऊ शकतात, आणि ‘सर्व्हाव्हॅक’ची मान्यता मुलगे व मुली दोघांसाठी आहे. म्हणून मुलीविषयी बोलणे निघाले की मुलाचाही विचार व्हावा. घरातील मोठ्या स्त्रियांनीही स्वतःला विसरू नये. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षांच्या १ लाख ३० हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटाला एचपीव्ही तपासणी देण्यात आली, त्या गटात एकाच तपासणीनंतर या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये सिद्ध झाले. लस घेतलेल्या मुलींनाही पुढे तिशीनंतर ही तपासणी आवश्यकच राहील.

व्यापारी माणूस गोदामाचा विमा उतरवितो, तेव्हा तो राखणदाराच्या प्रामाणिकपणावर संशय घेत नसतो. मुलीच्या लसीकडेही त्याच दृष्टीने पाहता येईल. कपाटातील ती चिठ्ठी आईने बाहेर काढावी, आजींना शेजारी बसवून समजावून सांगावी आणि वडिलांनी डॉक्टरांकडे मुलीसोबत जावे. लस कशासाठी आहे हे मुलीलाही तिच्या वयाला साजेशा शब्दांत सांगितले पाहिजे. खम्मम आणि वडोदऱ्यात पालकांना विश्वासात न घेतल्याने जे बिघडले, ते आपल्या घरात आपल्याच मुलीच्या बाबतीत घडू नये.