साखरपुड्याला पुरावा नाही

आमच्याकडे लग्नात मामाला मान असतो. मुलीला अंतरपाटापर्यंत आणायचे ते मामाने. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान लवकर गेले, त्यामुळे श्रीरामपूरच्या त्या घरात मला मान जरा जास्तच मिळाला आणि 2020 च्या फेब्रुवारीत मी तो वापरलाही. भाचीच्या साखरपुड्याला फोंड्याहून पाहुणे आले होते. जेवणे झाल्यावर मुलाचे वडील म्हणाले, "मामा, मुलगा मार्चच्या मध्यापर्यंत इथेच आहे. नोटीस देऊन नोंदणी उरकून घेऊ. आमच्या गोव्यात सरकारी सही आधी आणि अक्षता मागाहून, अशीच पद्धत आहे."

मी हसून म्हटले, "मे महिन्यात लग्न आहेच की. चोरून केल्यासारखी सही कशाला? चार माणसे जमू देत."

या वाक्याची किंमत भाचीने पावणेदोन वर्षे मोजली.

मुलाच्या वडिलांची घाई उगाच नव्हती. जावई गोव्याचा, घरी बोलणे कोंकणी आणि मराठी, पण पासपोर्ट पोर्तुगालचा. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा आपले नागरिक मानतो आणि त्यांच्या मुला-नातवंडांनाही तो मार्ग खुला ठेवतो. आजोबांच्या जन्माची नोंद लिस्बनच्या दप्तरात झाली की पुढच्या पिढ्यांची वाट मोकळी होते. पोर्तुगाल 1986 साली युरोपीय समुदायात गेला आणि या पासपोर्टाला वेगळेच मोल आले. पोर्तुगालमध्ये पाऊलही न ठेवता हजारो गोवेकर इंग्लंडला गेले. स्विंडन नावाच्या गावात तर त्यांची मोठी वस्तीच झाली. आमचा जावई तिथे एका गोदामात कामाला होता. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, तेव्हा हा पासपोर्ट घेताना त्याने आपला भारतीय पासपोर्ट परत केला होता. घरात त्यावर भांडण झाले होते, असे तोच सांगतो.

युरोपचा या बाबतीतला कायदा कुटुंबाच्या दृष्टीने खरोखर उदार आहे. 2004 च्या निर्देशाप्रमाणे युरोपीय संघाचा नागरिक संघातल्या दुसऱ्या देशात नोकरीला गेला, तर त्याची बायको कुठल्याही देशाची असो, तिला त्याच्याबरोबर राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क आहे. व्हिसाला फी नाही. हा हक्क आहे, मेहेरबानी नाही, आणि फरक आहे तो इथेच.

पण ब्रिटन संघातून बाहेर पडला. 31 डिसेंबर 2020 ही शेवटची तारीख ठरली. त्या दिवसापर्यंत तिथे राहणाऱ्यांचे हक्क शाबूत राहिले आणि तोवर नाते जुळलेले असेल तर जोडीदाराला नंतरही येता येणार होते. आमच्याकडे लग्न 2020 च्या मे महिन्यात होते. मार्चमध्ये टाळेबंदी आली. कार्यालयाची आगाऊ रक्कम अडकली, पत्रिका कपाटात राहिल्या. मग मुहूर्ताचा हट्ट सोडून 29 डिसेंबर ठरवला. जावयाने चोवीस तारखेचे तिकीट काढले. त्याच आठवड्यात नव्या विषाणूच्या भीतीने भारताने ब्रिटनची विमाने बंद केली, ती 8 जानेवारीपर्यंत. लग्न लागले फेब्रुवारी 2021 मध्ये, पन्नास माणसांत. मी भाचीला अंतरपाटापर्यंत आणले, पण मान वर करून जावयाच्या वडिलांकडे पाहवले नाही.

पुढे कळले की आमचा साखरपुडा ब्रिटनच्या कायद्याला दिसतच नाही. लग्न झालेले नसेल तर 'टिकाऊ नाते' दाखवा म्हणाले. ते कसे दाखवायचे? साधारणपणे दोन वर्षे एकत्र राहिल्याचे, किंवा तितकाच ठोस दुसरा पुरावा देऊन. आता श्रीरामपूरची मुलगी लग्नाआधी दोन वर्षे मुलाबरोबर कुठे राहणार? गंमत अशी की काही अटींवर पुढे जन्माला येणाऱ्या मुलांना त्या करारात जागा आहे. जे मूल अजून पोटातही नाही त्याला जागा आणि चारशे माणसांसमोर अंगठी घातलेल्या मुलीला नाही!

आमचे एकट्याचेच असे झाले असेही नाही. सेलिक नावाच्या तुर्की तरुणाचे रोमानियन मुलीशी लग्न करोनामुळेच 2021 पर्यंत लांबले होते. प्रकरण लंडनच्या अपील कोर्टापर्यंत गेले आणि 2023 साली तिथेही तो हरला.

सरकारने कुठेतरी रेघ ओढायलाच हवी, हे मला मान्य आहे. पैसे घेऊन लावलेली बनावट लग्ने सगळीकडे आहेत आणि साखरपुड्याचे फोटो तर कुणीही काढील. पण आमच्याकडे कार्यालयाची पावती होती, छापलेल्या पत्रिका होत्या, रद्द झालेले तिकीट होते. हे कागद हातात घेऊन खरे-खोटे ठरवणारा एक माणूस खुर्चीवर बसवणे सरकारला जड नव्हते. तारखेने निकाल लावला की कुणाला काही वाचावे लागत नाही, एवढाच त्यातला फायदा.

मग उरला साध्या पत्नी-व्हिसाचा रस्ता. त्यासाठी तेव्हा वर्षाला 18,600 पौंड मिळकत दाखवावी लागे (2024 च्या एप्रिलपासून ती 29,000 झाली), इंग्रजीची परीक्षा वेगळी आणि फी व आरोग्य-अधिभार मिळून तीन हजार पौंडांच्या वर खर्च. गोदामातले तास कमी झालेले. आकडा जुळेना.

शेवटी जावयाने स्विंडन सोडले आणि 2022 मध्ये तो आयर्लंडला गेला. आयर्लंड अजून संघात आहे. तिथे लग्न केव्हा झाले, कुठे झाले हे कुणी विचारले नाही. पूर्वी त्या देशाचेही कायदे कडक होते, पण 2008 च्या जुलैमध्ये युरोपच्या न्यायालयाने मेटॉक खटल्यात सांगितले की लग्न कधी आणि कुठे झाले यावर पत्नीचा किंवा पतीचा हक्क ठरत नाही. तेच दोघे, तेच लग्न. मधला समुद्र ओलांडताच हक्क परत आला. भाची त्याच वर्षाच्या अखेरीस गेली.

मला यात एक गोष्ट खटकत राहिली. तिच्या कार्डावर ती कोण आहे? 'संघाच्या नागरिकाची कुटुंबीय.' पाथर्डीला मी बरीच वर्षे शिक्षक होतो. दिवाळी झाली की वर्गातली बाके रिकामी व्हायची, आईबाप ऊसतोडीला निघायचे. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मोळ्या ती वाहते, पण हिशेब नवऱ्याच्या नावावर. युरोपचा कायदा यापेक्षा पुष्कळ सभ्य आहे, तरी तिचे तिथले राहणे नवऱ्याच्या पासपोर्टाला बांधलेलेच आहे. तो देश सोडून गेला तर तिलाही मागोमाग जाणे आले. घटस्फोट झाला तर लग्नाला तीन वर्षे आणि त्यातले एक वर्ष त्या देशात झालेले असावे, तर तिचा हक्क टिकण्याचा मार्ग राहतो. पाच वर्षे राहिल्यावर मात्र कायमचा हक्क मिळतो. भाची ते महिने मोजते आहे. संसार चांगला चालला आहे, तरी मोजते आहे आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

आपणही नाके मुरडायचे कारण नाही. आपल्या देशात भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला ओसीआय कार्डासाठी लग्न नोंदवून दोन वर्षे थांबावे लागते आणि लग्न मोडले की ते कार्ड रद्द होते. इथे तर तीन वर्षांची सवलतही नाही.

आता नवा प्रश्न आला आहे तो बहिणीचा. युरोपच्या त्याच निर्देशात अवलंबून असलेले आईवडीलही कुटुंबात धरले आहेत आणि नवऱ्याचे व बायकोचे, दोघांचेही एकाच ओळीत. जावयाच्या दारात महिनाभर राहणेही जिला अवघड वाटते, त्या माझ्या बहिणीला तो कायदा कुटुंबच समजतो. फक्त लेकीच्या पैशावर आपला खर्च चालतो हे तिने कागदावर दाखवायला हवे. भाची दरमहा पैसे पाठवते, पण शेजारी विचारले तर बहीण सांगते, "भाऊ बघतो माझं."

मागच्या रविवारी ती नगरला आली. आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण तिच्या जन्मदाखल्यावर अहमदनगर, तेव्हा पासपोर्टाचा अर्ज नीट भरायला हवा म्हणून आली होती. निघताना तिने पिशवीतून बँकेचे पासबुक काढून माझ्या टेबलावर ठेवले.

"झेरॉक्स तू तुझ्या ओळखीच्या दुकानात काढ," ती म्हणाली. "श्रीरामपुरात नको."