पाच यार्डांचं श्रेय

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधलं सगळ्यात खोटारडं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन: ‘त्यांच्या ऑफेन्सने तीस गुण केले.’ केले खरे, पण सुरुवात कुठून केली? हा प्रश्न स्कोअरबोर्ड विचारत नाही, आणि रीलमध्ये तर तो मावतच नाही.

खेळ नवा असेल तर थोडक्यात. मैदान 100 यार्डांचं. ऑफेन्सला चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाउनमध्ये, 10 यार्ड पुढे सरकायचं असतं. तिसऱ्यापर्यंत जमलं नाही की चौथ्याला बहुधा पंट, म्हणजे चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्यांच्या हवाली करणं. आता समजा, आपल्या डिफेन्सने समोरच्यांना त्यांच्याच 10 यार्डांच्या रेषेवर रोखलं. त्यांचा पंटर स्वतःच्या एंड झोनमध्ये उभा. त्याने 40 यार्डांचा पंट मारला तरी चेंडू जेमतेम मध्यरेषेवर. आपला ऑफेन्स तिथून 20 यार्ड सरकला की 47 यार्डांच्या फील्ड गोलची संधी, म्हणजे तीन गुण. तेच 20 यार्ड स्वतःच्या 20च्या रेषेवरून काढले, तर हाती पुन्हा एक पंट. मेहनत तेवढीच, फळ वेगळं. फरक पाडला डिफेन्सने, गुण लागले ऑफेन्सच्या नावावर.

हे काही नवं ज्ञान नाही. 1971 मध्ये व्हर्जिल कार्टर या व्यावसायिक क्वार्टरबॅकने रॉबर्ट मॅकॉलबरोबर मैदानावरच्या जागांची गुणांमधली किंमत काढली होती. स्वतःच्या गोललाइनला खेटून चेंडू मिळाला तर ती किंमत शून्याच्याही खाली जाते. म्हणजे चेंडू आपल्या हातात, पण अंगावर कर्ज! पन्नास वर्षं उलटली, तरी आपण संघांची तुलना सरासरी गुणांवरूनच करतो.

2023चा आयोवा बघा. देशाच्या सर्वोच्च विभागात यार्ड मिळवण्यात त्यांचा ऑफेन्स सगळ्यात शेवटी. तरी संघाने 10 सामने जिंकले. कसे? डिफेन्स समोरच्यांना हलू देत नव्हता, आणि टोरी टेलर हा ऑस्ट्रेलियन पंटर त्यांना पुन्हा पुन्हा मागे ढकलत होता. त्याने त्या मोसमात पंटचे एकूण 4,479 यार्ड मारले आणि 1938 पासूनचा विक्रम मोडला. त्याच्या आदल्या वर्षी तर आयोवाने साउथ डकोटा स्टेटला 7-3 असं हरवलं होतं, एकही टचडाउन न करता: एक फील्ड गोल आणि दोन सेफ्टी. सेफ्टी म्हणजे समोरच्याला त्याच्याच एंड झोनमध्ये पाडून मिळवलेले दोन गुण. सातांपैकी चार गुण डिफेन्सचे.

खरी गंमत कराराची. ऑफेन्सचे प्रशिक्षक ब्रायन फेरेन्झ, म्हणजे मुख्य प्रशिक्षकांचेच चिरंजीव, यांच्या 2023च्या करारात अट होती: संघाने सामन्यामागे सरासरी 25 गुण करायचे. आणि डिफेन्सने केलेले गुणही त्यातच धरायचे! दुसऱ्याच्या कष्टाचं माप स्वतःच्या पोत्यात ओतायची ही अधिकृत सोय. तरीही पोतं भरलं नाही, आणि मोसम संपायच्या आतच त्यांना निरोप मिळाल्याचं जाहीर झालं.

यावर कुणी म्हणेल, मग ऑफेन्सने हातावर हात ठेवून बसायचं का? मुळीच नाही. जागा ही उसनवारी आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी चालते. ऑफेन्सने चेंडू गमावला की डिफेन्सला स्वतःच्या दारात लढावं लागतं. आयोवाचंही शेवटी तेच झालं. बिग टेनच्या अंतिम सामन्यात मिशिगनच्या सेमाज मॉर्गनने एक पंट पकडून 87 यार्ड पळवला, थेट आयोवाच्या 5 यार्डांच्या रेषेपर्यंत. तिथून टचडाउन झाला. निकाल 26-0. नोंदीत तो टचडाउन मिशिगनच्या ऑफेन्सचा. 87 यार्ड दुसऱ्यांचे, पाच यार्ड त्यांचे, श्रेय पूर्ण!

हा हिशेब नुसता कागदावर राहत नाही. कोणाला पुरस्कार, कोणाच्या नावाची जर्सी, कोणाचा चेहरा पोस्टरवर, हे त्यावरच ठरतं. हाइझमन ट्रॉफी 1935 पासून दिली जाते. मुख्यतः डिफेन्समध्ये खेळून ती जिंकणारा खेळाडू एकच: 1997चा चार्ल्स वूडसन. 2024चा ट्रॅव्हिस हंटर दोन्हीकडे खेळायचा. इतक्या वर्षांत समोरच्यांना रोखणाऱ्यांमध्ये दुसरा कोणी लायकच नव्हता, हे मला पटत नाही. ते लायक होते, पण त्यांचं काम दुसऱ्याच्या खात्यात जमा होत होतं.

म्हणून पुढच्या वेळी टचडाउनची क्लिप समोर आली, तर लाइक करण्याआधी एवढंच बघा: ड्राइव्ह कुठून सुरू झाला, आणि चेंडू तिथे कुणी आणून ठेवला?