अंगण सजवा, पण भिंत सांभाळा



आपल्यापैकी कित्येकांचे पक्के घर हे पिढ्यांमधले पहिलेच घर असते. त्याच्यापुढे चार फुलझाडे असावीत, मुलांना सावलीत बसता यावे, ही हौस रास्तच आहे. पण हौस करताना माझे जे चुकले ते तुमचे चुकू नये, म्हणून हा लेख.

पतसंस्थेचे कर्ज काढून मी अकोल्याच्या एका ले-आउटमध्ये दोन खोल्या बांधल्या. उन्हाळ्याच्या तोंडावर अंगणासाठी हिरवळीचे गालिचे, लाल माती आणि शोभेची रोपे आणली. खर्च आला ८,५०० रुपये. दर्शनी भिंतीला लागूनच वाफा केला आणि रोज त्यात बोअरचे पाणी सोडले. मे महिन्यात हिरवळ करपली, ते सोसले. पुढे खिडकीखाली तिरपी भेग पडली, तेव्हा मात्र घरातील सर्वांची झोप उडाली. कर्जाचे हप्ते तर अजून बाकी होते!

भेग पाहायला आलेला गवंडी म्हणाला, "भाऊ, भितीले लागून पानी काहून टाकता? काळी माती हाये. फुगते अन् फाटते."

त्याचे म्हणणे खरे होते. वऱ्हाडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. पायाच्या एका बाजूला सतत ओल आणि दुसरीकडे कोरडे राहिले, की पाया कमीजास्त हलतो आणि भिंत तडकते. म्हणून पहिला नियम असा की वाफा भिंतीपासून निदान चार फूट दूर असावा. मधल्या पट्ट्यात मुरूम ठोकावा किंवा उरलेल्या शहाबादी फरश्या बसवाव्या आणि दहा फुटांना दोन-अडीच इंच असा बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. गवंडी पाणी भरलेल्या नळीने लेव्हल काढतात, तशी आपल्यालाही काढता येते.

दुसरी गोष्ट पाण्याची. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथले बोअरचे पाणी रोज दिले की मातीत क्षार साचतात आणि झाड जळते. आपण मात्र दोष उन्हाला देतो! शुद्ध पाण्याच्या मशीनमधून वाया जाणारे पाणी आणि कूलरच्या टाकीत तळाशी उरलेले पाणी तर त्याहून खारट असते. ते संडास धुवायला वापरा. झाडांना भाजी-तांदूळ धुतलेले पाणी द्या. पावसाळ्यात छताचे पाणी ड्रममध्ये धरा, पण डास होऊ नयेत म्हणून त्यावर झाकण घाला. रोपे विकत घेण्याआधी माती-पाण्याची तपासणी करून घ्यावी. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि ठिकठिकाणची कृषी विज्ञान केंद्रे यांच्याकडे त्यासाठी विचारणा करता येते.

तिसरी गोष्ट झाडांची. पाऊस चांगला लागल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून जास्वंद, मोगरा, मधुमालती आणि बोगनवेल यांच्या फांद्या मागून आणा व ओल्या मातीत खोचा. सगळ्याच जगत नाहीत, म्हणून चार हव्या असतील तर दहा लावा. शेवगा आणि कढीपत्ता लावला तर अंगणही सजते आणि भाजीचा खर्चही वाचतो. वेल पश्चिमेकडे मांडवावर चढवली की दुपारचे ऊन अडते. कण्हेर कमी पाण्यात टिकते, पण ती विषारी आहे. लहान मुले असलेल्या घरी ती नकोच. वाळलेला पालापाचोळा जाळू नका. तो आळ्यात पसरला की ओल टिकते आणि पुढे त्याचेच खत होते.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. श्रद्धेपोटी पुष्कळ जण दारातच पिंपळ लावतात. बोधिवृक्षाबद्दल आदर सर्वांनाच आहे, पण त्याची मुळे भिंतीत आणि पायात शिरतात. मग तोच वृक्ष तोडण्याची पाळी येते. त्यापेक्षा तो विहाराच्या मोकळ्या जागेत, इमारतीपासून दूर लावावा आणि वस्तीने मिळून जगवावा. त्याची सावलीही मग सगळ्यांना मिळेल.

मी कारकून माणूस, जमाखर्च लिहिल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या खेपेला मुरूम ७०० रुपये, शेणखत २५०, रोपे ६० आणि मांडवाची तार १४०, असे एकूण १,१५० रुपये लागले. फांद्या फुकट मिळाल्या आणि मेहनत घरच्यांची होती. पहिल्या खेपेचे ८,५०० आणि भेग दुरुस्तीचे ४,००० मिळून १२,५०० रुपये मात्र निव्वळ अडाणीपणाचे गेले. बी.कॉम. असूनही!

तेव्हा रोपवाटिकेत जाण्याआधी एक काम करा. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन अंगणात उभे राहा आणि पाणी कुठून येते, कुठे साचते, भिंतीकडे जाते की रस्त्याकडे, ते पाहा. त्याला एक पैसाही लागत नाही, आणि कर्जाचे घर त्यानेच वाचते.