विश्लेषण : गोल्फचा ‘सोपा स्विंग’ की पारंपरिक? हौशी खेळाडूने काय निवडावे?

आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याने व्यावसायिक खेळाडूंच्या स्विंगची नक्कल करावी, की स्वतःला झेपेल असा स्विंग शिकावा? दोन्ही पद्धतींमागचे गणित काय सांगते?

गोल्फ नुकताच शिकू लागलेल्या माणसाने यूट्यूबवर ‘गोल्फ स्विंग’ एवढे दोन शब्द टाकले तरी अर्ध्या तासात डोके गरगरते. एक प्रशिक्षक सांगतो, खांदे पूर्ण वळवा, मनगटे दुमडा, वजन मागच्या पायावर घेऊन पुढच्या पायावर आणा. दुसरा म्हणतो, यातले निम्मे विसरा आणि क्लब एकाच प्रतलात मागे न्या, त्याच प्रतलात पुढे आणा. पहिली पद्धत पारंपरिक, दुसरी ‘सिंगल प्लेन’ म्हणून ओळखली जाते. वाद जुना आहे. पण पुण्यात येरवड्याच्या किंवा मुंबईत चेंबूरच्या मैदानावर फक्त रविवारी सकाळी दिसणाऱ्या खेळाडूचा विचार त्यात क्वचितच होतो.

दोन्ही स्विंगमध्ये नेमका फरक काय?

पारंपरिक पद्धतीत चेंडूसमोर उभे राहताना हात खांद्यातून सैल खाली सोडलेले असतात. त्यामुळे हात आणि क्लबचा दांडा, म्हणजे शाफ्ट, यांच्यात कोन तयार होतो. प्रत्यक्ष फटक्याच्या क्षणी मात्र हात थोडे वर आलेले असतात आणि शाफ्ट सुरुवातीपेक्षा उभट झालेला असतो. म्हणजे क्लब एका प्रतलातून निघतो आणि दुसऱ्या प्रतलातून चेंडूवर येतो. हा फरक कंबर, पाठ आणि मनगटांच्या अचूक मेळाने भरून काढावा लागतो.

सिंगल प्लेनमध्ये हात आधीच पुढे ताणलेले असतात. मागचा हात आणि शाफ्ट जवळपास एका रेषेत येतात. पाय अधिक फाकलेले, बॅकस्विंग आखूड. फटक्याच्या वेळी क्लब जिथे यायला हवा, सुरुवातही जवळपास तिथूनच होते.

हा सोपा स्विंग आला कुठून?

या पद्धतीशी सर्वाधिक जोडले गेलेले नाव म्हणजे कॅनडातील किचनर शहराचे मो नॉर्मन. १९५५ आणि १९५६ अशी सलग दोन वर्षे त्यांनी कॅनेडियन अमॅच्युअर स्पर्धा जिंकली. चेंडू इतका सरळ जायचा की त्यांना ‘पाइपलाइन मो’ म्हटले जाई. स्वतःच्या स्विंगवर संपूर्ण हुकमत असलेले दोनच खेळाडू झाले, बेन होगन आणि मो नॉर्मन, असे टायगर वूड्सने एका मुलाखतीत सांगितले होते.

यात एक गंमत आहे. होगन यांचे १९५७ मधील ‘फाइव्ह लेसन्स’ हे पुस्तक पारंपरिक स्विंगचे पाठ्यपुस्तकच मानले जाते. म्हणजे अचूकतेकडे दोन्ही रस्ते जातात. प्रश्न एवढाच की, कमी वेळ असलेल्याला कोणता रस्ता जवळचा?

अलीकडचे उदाहरण अमेरिकेच्या ब्रायसन डीशॅम्बोचे. भौतिकशास्त्र शिकलेला हा खेळाडू एकाच लांबीच्या आयर्न क्लबनी खेळतो आणि त्याने २०२० व २०२४ मध्ये यूएस ओपन जिंकली. स्विंगमधील बदलत्या गोष्टी कमी करायच्या, हेच त्यामागचे सूत्र.

गणित काय सांगते?

क्लब आणि चेंडू यांचा संपर्क जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. त्या क्षणी क्लबचा चेहरा जिकडे वळलेला असेल, प्रामुख्याने तिकडेच चेंडू निघतो. १८० मीटरच्या फटक्यात चेंडू ४ अंशांनी बाजूला निघाला, तर तो सुमारे साडेबारा मीटर बाजूला पडतो. ६ अंशांनी निघाला, तर जवळपास १९ मीटर. ३० मीटर रुंद फेअरवेच्या मधोमध नेम धरला असेल, तर पहिला चेंडू गवतावर सुरक्षित राहतो आणि दुसरा थेट झाडीत जातो. फरक अवघा २ अंशांचा.

हलणारा प्रत्येक सांधा म्हणजे चूक शिरायला एक दार. दारे कमी, तर चुका कमी, हा सोप्या स्विंगचा मुख्य युक्तिवाद आणि तो पटण्यासारखा आहे.

पण भौतिकशास्त्र काहीच फुकट देत नाही. हात आणि क्लब मिळून दुहेरी लंबकासारखे काम करतात. दुमडलेले मनगट शेवटच्या टप्प्यात सुटते, तेव्हा क्लबच्या टोकाला मोठा वेग मिळतो. मनगट कमी दुमडले आणि बॅकस्विंग आखूड केला, की या वेगाला कात्री लागते आणि अंतर घटते.

अंतर घटले तर बिघडते काय?

हौशी खेळाडूचे फारसे नाही. आयर्नच्या दोन लगतच्या क्लबमध्ये साधारण १० मीटरचा फरक असतो. तेवढे अंतर घटले, तर एक क्रमांक मोठा क्लब घ्यायचा. चेंडू हद्दीबाहेर गेला तर मात्र एक फटक्याचा दंड होतो आणि पुन्हा आधीच्याच जागेवरून मारावे लागते.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये ७ ऑगस्ट २०२१ रोजी अदिती अशोकचे पदक अवघ्या एका फटक्याने हुकले. तिचा स्विंग सिंगल प्लेन नाही, पण लांब फटके मारणाऱ्यांत तिची गणना कधीच नव्हती. पटिंगच्या जोरावर ती चौथी आली. पार ७२ च्या मैदानावर प्रत्येक होलला दोन याप्रमाणे ३६ फटके पटिंगचेच धरलेले असतात. स्विंगच्या वादात हा निम्मा खेळ हमखास विसरला जातो.

मग पारंपरिक स्विंग कोणासाठी?

लहान वयात सुरुवात करणाऱ्यांसाठी, रोज सराव आणि हाताशी प्रशिक्षक असणाऱ्यांसाठी. शरीर लवचिक असताना वेग कमावणे सोपे जाते आणि स्पर्धात्मक गोल्फमध्ये तो लागतोच. शिवाय ज्याचा स्विंग दिसायला वेडावाकडा असला तरी चेंडू सरळ जातो, त्याने तर काहीच बदलू नये. जिम फ्युरिकचा स्विंग कोणत्याही पुस्तकात बसत नाही, तरी त्याने २००३ ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये एका फेरीत ५८ फटक्यांचा विक्रम केला. बुमराची गोलंदाजी पाहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

कोणते दावे तपासून घ्यावेत?

‘दोन आठवड्यांत स्विंग दुरुस्त’ असे सांगणाऱ्या ऑनलाइन कोर्सपासून दोन हात दूर राहिलेले बरे. मो नॉर्मन दिवसाला शेकडो चेंडू मारत. सोपा स्विंग शिकायला सोपा असेलही, पण सरावातून सुटका नाही. डीशॅम्बोचे प्रचंड अंतर पाहून सिंगल प्लेनकडे वळणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की, ते त्याने कमावलेल्या ताकदीचे आणि वेगाच्या सरावाचे फळ आहे. पाठदुखी असेल, तर आखूड स्विंग आरामदायी वाटू शकतो, पण तो उपचार नव्हे. आधी डॉक्टरांना विचारावे.

निवड कशी करावी?

वयापेक्षा आठवड्यातले तास मोजावेत. दोन-तीन तासांहून अधिक वेळ मिळत नसेल, तर सोपा स्विंगच शहाणपणाचा. पारंपरिक स्विंगला लागणारा मेळ एवढ्या सरावात जुळत नाही. जुळला तरी पुढच्या रविवारपर्यंत टिकत नाही.

ठरवण्यासाठी ड्रायव्हिंग रेंजवर साधी चाचणी पुरेशी आहे. सेव्हन आयर्नने २० चेंडू मारावेत आणि २० मीटर रुंदीच्या पट्ट्यात किती पडले ते लिहून ठेवावे. सर्वांत लांब गेलेला चेंडू मोजू नये. एकच पद्धत तीन महिने पाळून पुन्हा मोजावे. आकडा वाढला, तर पद्धत योग्य. सर्वांत वाईट पर्याय तिसरा आहे : प्रशिक्षकाकडून पारंपरिक स्विंग शिकायचा आणि रात्री मोबाइलवर पाहून त्यात सिंगल प्लेन मिसळायचा.

टीव्हीवरचा देखणा स्विंग रोज सहा-सात तास सराव करणाऱ्या शरीरासाठी घडलेला असतो. सोमवारी सकाळी ऑफिस गाठणाऱ्याने तो जरूर पाहावा. मारताना मात्र आपल्याला पुन्हा पुन्हा जमेल तोच मारावा.