विश्लेषण : राजाने ‘ठेवलेल्या’ स्त्रीला निघून जाण्याचा हक्क होता का? मुमताज बेगम प्रकरण शंभर वर्षांनंतर काय सांगते?

पोटगीचा अर्ज घेऊन न्यायालयाची पायरी चढणाऱ्या स्त्रीला सर्वांत आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : तुम्ही त्या पुरुषाच्या नेमक्या कोण? लग्न कागदावर नसेल किंवा पहिली पत्नी हयात असताना दुसरे झाले असेल, तर पनवेल असो वा नाशिक, या प्रश्नावरच निम्मी लढाई अडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाच्या एका जुन्या निकालातील भाषेवर कडक शब्दांत नापसंती नोंदवली. विवाह कायद्याने रद्दबातल ठरलेल्या स्त्रीचा उल्लेख त्या निकालात ‘अवैध पत्नी’ आणि ‘एकनिष्ठ रखेल’ असा झाला होता. अशी भाषा स्त्रीच्या प्रतिष्ठेला धक्का लावणारी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले.

बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १९२५ मध्ये, याच मुंबई उच्च न्यायालयात एका राजाच्या अशाच एका स्त्रीची साक्ष झाली होती. त्या खटल्याने एका संस्थानिकाची गादी गेली. पण त्या स्त्रीने मागितलेली गोष्ट अगदी साधी होती : मला परत जायचे नाही.

मुमताज बेगम कोण होत्या?

मुमताज बेगम या नृत्य-गायनाचा पेशा असलेल्या घराण्यातल्या. त्या लहान वयातच इंदूरच्या दरबारात आल्या आणि महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या मर्जीतल्या झाल्या. सुमारे दहा वर्षे त्या महाराजांच्या सहवासात होत्या. १९२५ मध्ये त्यांचे वय जेमतेम बावीस होते. म्हणजे दरबारात त्या आल्या तेव्हा त्यांची संमती विचारली गेली असेल, तरी ती एका अल्पवयीन मुलीची होती.

राजवाड्यात त्यांना कशाची कमतरता नव्हती. पण त्यांच्यावर सतत पहारा असे. आपल्याला मुलगी झाली आणि परिचारिकांनी तिला मारले, त्यानंतर इंदुरात राहण्याची इच्छा उरली नाही, असे त्यांनी स्वतः सांगितले होते. मसुरीला नेले जात असताना वाटेत दिल्लीला त्यांनी पुढे जाण्यास नकार दिला आणि त्या अमृतसरला गेल्या. तिथून त्या मुंबईत आल्या आणि अब्दुल कादर बावला या तरुण, धनाढ्य व्यापाऱ्याच्या आश्रयाने राहू लागल्या. त्यांनी परत यावे यासाठी दबाव येत राहिला. त्या गेल्या नाहीत.

१२ जानेवारी १९२५ रोजी काय घडले?

त्या संध्याकाळी बावला आणि मुमताज मोटारीने मलबार हिलवर फिरायला गेले होते. दुसऱ्या एका मोटारीने त्यांची वाट अडवली. त्यातून उतरलेल्या टोळीने बावला यांच्यावर गोळ्या झाडल्या, मुमताज यांना ओढून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला आणि त्यांच्या चेहऱ्यावर वार केले. योगायोगाने गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी तिथे पोहोचले. त्यांतील लेफ्टनंट सीगर्ट यांना गोळी लागली, तरी त्यांनी हातातल्या गोल्फच्या काठीने हल्लेखोरांना रोखले. एक जण जागेवरच पकडला गेला. मुमताज वाचल्या. बावला यांचा मात्र मृत्यू झाला.

मारेकऱ्यांना मुमताज यांना ठार करायचे असते, तर ते तिथे सहज करता आले असते. त्यांना पळवून न्यायचे होते. ते जमत नाही असे दिसताच चेहरा विद्रूप करण्याचा प्रयत्न झाला. जी आमची नाही, ती कुणाचीच राहू नये, हा त्यामागचा अर्थ आजच्या ॲसिड हल्ल्यांच्या बातम्या वाचणाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

न्यायालयाने काय ठरवले?

न्यायमूर्ती क्रम्प यांच्यासमोर ज्युरीसह खटला चालला. आरोपी नऊ होते आणि त्यांत इंदूर संस्थानच्या सेवेतील माणसे होती. इंदूरचे सरदार आनंदराव फणसे यांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी मांडली. मे १९२५ मध्ये निकाल लागला. सात जण दोषी ठरले, दोघे सुटले. शफी अहमद, पुष्पशील पोंडे आणि श्यामराव दिघे यांना फाशीची, तर फणसे यांच्यासह इतर चौघांना जन्मठेपेची शिक्षा झाली. पुढे पोंडे यांना वेड लागल्याने त्यांची फाशी टळली, उरलेले दोघे फासावर गेले.

आरोपींचे मुमताज यांच्याशी कोणतेच वैयक्तिक वैर नव्हते. मग हल्ला कुणासाठी झाला? दहा वर्षे इंदूरच्या महाराजांकडे राहिलेल्या स्त्रीला पळवण्याचा प्रयत्न होतो, तेव्हा संशयाची नजर इंदूरकडे वळणे गैर नाही, अशा आशयाचे मत न्यायमूर्तींनी मांडले. या सगळ्यामागे कुणीतरी आहे, पण ते कोण हे नेमके सांगता येत नाही, इथेच न्यायालय थांबले. त्यापुढे जाणे त्याला शक्यही नव्हते. संस्थानिकाला ब्रिटिश हिंदुस्थानातल्या न्यायालयात आरोपी म्हणून उभे करता येत नव्हते.

पुढे सरकारने तुकोजीरावांसमोर दोन पर्याय ठेवले : चौकशी आयोगाला सामोरे जा किंवा गादी सोडा. २६ फेब्रुवारी १९२६ रोजी त्यांनी अल्पवयीन पुत्र यशवंतराव यांच्यासाठी गादी सोडली. त्यांच्यावर कोणताही गुन्हा सिद्ध झाला नाही, हेही नोंदवायला हवे. १९२८ मध्ये त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकी तरुणीशी विवाह केला. त्या शर्मिष्ठादेवी झाल्या आणि त्यांना महाराणीचा मान मिळाला. आपखुशीने आलेल्या परदेशी स्त्रीसाठी दरबारात दार उघडू शकत होते. आतली बाई बाहेर पडू पाहते, तेव्हाच ते बंद होत होते.

इतर दरबारांत वेगळे काय होते?

इंग्लंडमधील ट्यूडर घराण्याचा राजा आठवा हेन्री याच्या दरबाराशी तुलना केली, तर एक फरक लक्षात येतो. बेसी ब्लाउंट यांना हेन्रीपासून १५१९ मध्ये मुलगा झाला. राजाने तो आपला असल्याचे मान्य केले, त्याला सहाव्या वर्षी ड्यूक केले आणि आईचे लग्न एका सरदारपुत्राशी लावून दिले. मेरी बोलिन यांचा विवाह १५२० मध्येच दरबारातील विल्यम कॅरी यांच्याशी झालेला होता. म्हणजे राजाची मर्जी उतरली, तरी स्त्रीला समाजात एक जागा मिळत असे. पण ती जागा कोणती, हे ठरवणारे दुसरेच असत. विधवा झाल्यावर मेरी यांनी आपल्या मनाने, दरबाराला न विचारता, एका साध्या सैनिकाशी लग्न केले. तेव्हा त्यांना दरबारातून हाकलण्यात आले. त्यांच्या भगिनी ॲन यांनी राजाची केवळ प्रेयसी होण्यास नकार दिला आणि त्या राणी झाल्या. तीन वर्षांत, १९ मे १५३६ रोजी, त्यांचा शिरच्छेद झाला.

मराठी मुलखात या स्त्रियांसाठी शब्दांची वाण नव्हती. नाटकशाळा, रक्षा, अंगवस्त्र हे शब्द दरबारी आणि सरदारी वाड्यांत रुळलेले होते. त्यांच्या मुलांना लेकावळे म्हणत. या शब्दांनी स्त्रीची जागा ठरे आणि तिच्या मुलांचा वाटाही ठरे. मस्तानीबाईंचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. त्या बाजीरावांच्या पत्नी की नाटकशाळा, यावर आजही वाद होतात. पण बाजीराव मोहिमेवर असताना त्यांना पुण्यात कैदेत ठेवण्यात आले, हे त्या वादाने बदलत नाही. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीराव गेले आणि पाठोपाठ मस्तानीबाईही गेल्या. त्यांचे पुत्र समशेर बहादूर पेशव्यांच्या बाजूने पानिपतावर लढले आणि जखमी होऊन मरण पावले. निष्ठा सिद्ध करण्याची याहून मोठी किंमत कोणती असते? तरीही चर्चा होते ती आईच्या दर्ज्याचीच.

हा फक्त नैतिकतेचा प्रश्न आहे का?

नाही. या प्रकरणाचा वापर सगळ्यांनीच आपापल्या परीने केला. इंग्रज सरकारला संस्थानिकांवर वचक बसवायला निमित्त मिळाले. त्यापूर्वी पन्नास वर्षे, १८७५ मध्ये, बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना चौकशी आयोगानंतर पदच्युत करण्यात आले होते, तो धडा सर्वांना आठवत होता. वर्तमानपत्रांचा खप वाढला. त्याच वर्षी या प्रकरणावर बेतलेला ‘कुलीन कांता’ हा मूकपट आला. परकी सत्ता आपल्या राजाला अडकवते आहे, अशी भावनाही काहींच्या मनात होती आणि ती अगदीच निराधार नव्हती.

पण या गदारोळात एक गोष्ट बाजूला पडली. खटल्याला नाव पडले ‘बावला खून खटला’. इतिहासात तो नोंदला गेला महाराजांच्या गादीत्यागासाठी. ज्या स्त्रीच्या ‘नाही’मुळे हे सारे घडले, तिचे नाव शीर्षकात नाही. तिने भर न्यायालयात साक्ष दिली, जखमी चेहऱ्याने उलटतपासणीला तोंड दिले. तिच्या साक्षीवर माणसे फासावर गेली. एका संस्थानिकाच्या सत्तेपुढे एवढे धैर्य दाखवणारी पुरुष व्यक्ती असती, तर तिच्याकडे केवळ साक्षीदार म्हणून पाहिले गेले असते का?

अशा स्त्रियांना ऐश्वर्य मिळे, वजन मिळे, मग तक्रार कसली, असा युक्तिवाद तेव्हाही होता आणि आजही होतो. त्यात तथ्य एवढेच की काही जणींनी त्या चौकटीतही आपली बुद्धी आणि कर्तबगारी दाखवली. पण मिळालेली वस्तू देणाऱ्याच्या मर्जीने परत जाऊ शकत असेल आणि घेणारीला ती टाकून निघून जाण्याची मुभा नसेल, तर त्याला मिळकत म्हणत नाहीत. मराठीत ‘ठेवलेली’ हा शब्दच पुरेसा बोलका आहे. त्यात ठेवणारा कर्ता आहे, बाई कर्म आहे.

पनवेलशी याचा काय संबंध?

राजे गेले, दरबार गेले. पण नाचणारी बाई आणि पैसेवाला पुरुष यांच्याबद्दल बोलण्याची रीत फारशी बदलली नाही. २००५ मध्ये राज्यात डान्स बारवर बंदी आली, तेव्हा पनवेल परिसरातील महामार्गालगतचे बार सर्वाधिक चर्चेत होते. जमिनीच्या मोबदल्याचे पैसे तिथे उडतात, संसार उद्ध्वस्त होतात, ही व्यथा खरी होती. मात्र तिचे खापर फुटले ते नाचणाऱ्या मुलींवर. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. मधल्या काळात या मुलींनी जगायचे कशावर, याचे उत्तर कुणाकडेच तयार नव्हते. पैसे उडवणाऱ्यांना मात्र ‘बळी’ ठरवले गेले. बाहेर पडायला सांगायचे, पण बाहेर वाट ठेवायची नाही, ही तीच जुनी पद्धत.

आज कायदा काय म्हणतो?

कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने २००५ मध्ये ‘विवाहसदृश’ नात्यातील स्त्रीलाही संरक्षण दिले. हा मोठा बदल होता. पण २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच एका निकालात ‘कीप’ म्हणजे ठेवलेली बाई हा शब्द आला आणि तत्कालीन अतिरिक्त सॉलिसिटर जनरल इंदिरा जयसिंग यांनी त्यावर आक्षेप घेतला. २०१३ च्या इंद्रा सर्मा प्रकरणात, पुरुष विवाहित असल्याचे माहीत असूनही त्याच्यासोबत राहिलेल्या स्त्रीला या कायद्याचे संरक्षण मिळाले नाही. अशा नात्यांत स्त्रिया आणि मुले निराधार होतात, म्हणून संसदेने विचार करावा, असे न्यायालयाने त्याच निकालात म्हटले. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढलेल्या पुस्तिकेत ‘रखेल’सारखे शब्द न वापरण्याची सूचना आहे. आणि २०२५ च्या निकालात, विवाह रद्दबातल असला तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमस्वरूपी पोटगी मागता येते, हे स्पष्ट झाले.

म्हणजे भाषा सुधारते आहे, संरक्षण हळूहळू वाढते आहे. तरीही कायद्याचा पहिला प्रश्न अजून तोच आहे : तुम्ही त्याच्या कोण? पत्नी, पत्नीसारखी की आणखी कुणी, यावर तिला मिळणारा आसरा ठरतो. दहा-पंधरा वर्षे एखाद्याचा संसार केलेली स्त्री घराबाहेर काढली जाते, तेव्हा तिचा दर्जा तपासण्याआधी तिचे किती आयुष्य त्या घरात गेले आणि आता तिच्या हातात काय उरले, हे तपासले जायला हवे. इंद्रा सर्मा निकालात न्यायालयाने संसदेकडे टोलवलेला प्रश्न बारा वर्षांनंतरही तसाच पडून आहे. तो उचलणे हे खरे काम आहे, केवळ शब्द बदलणे नव्हे.

शंभर वर्षांपूर्वी मलबार हिलवर एका स्त्रीला ओढून मोटारीत घालण्याचा प्रयत्न झाला आणि ती गेली नाही. ती कुणाची कोण होती, हे त्या क्षणी महत्त्वाचे नव्हते. तिला जायचे नव्हते, एवढे पुरेसे होते. कायद्याला आणि समाजालाही ते पुरेसे वाटावे, इतकीच अपेक्षा आहे.